आगाऊ आभार

कॉरिन साक्ष द्यायला उभी राहिली तेव्हा अर्नेस्टीन पर्समध्ये खोकल्याची गोळी शोधत होती. धाकट्या बहिणीची साक्ष तिला तोंडपाठ होती. आधी गुडघे, मग रक्तदाब, मग ‘आज सकाळीही त्यानं मला उठवलं आणि शुद्धीवर ठेवलं’, आणि शेवटी थोडं रडू. माउंट नेबो चर्चमध्ये दर रविवारी चार-पाच जण असे उभे राहायचे आणि देवाने आठवडाभरात आपल्यासाठी काय काय केलं ते सगळ्यांना सांगायचे. अर्नेस्टीन टॉलिव्हर साठीला टेकली होती, पण एकदाही उभी राहिली नव्हती. तिचं आणि देवाचं जे काही होतं ते दोघांतच होतं.

“आणि आज मला माझ्या मोठ्या बहिणीसाठी देवाचे आभार मानायचेत,” कॉरिन म्हणाली.

अर्नेस्टीनचा हात पर्समध्येच थांबला.

“माझा लव्हेल मार्चमध्ये घरी आला, तुम्हाला सगळ्यांना माहीतच आहे. तेव्हापासून या रसीन शहरातलं एक दार त्यानं ठोठावायचं ठेवलं नाही. आणि आज मी आभार मानते, की माझ्या बहिणीनं आमच्या आईच्या लॉन्ड्रीचं दार त्याच्यासाठी उघडलं. पोराला काम दिलं. कुणीतरी आमेन म्हणा.”

कुणीतरी कशाला, सगळं चर्चच म्हणालं. ऑर्गनवाल्याने दोन सूर लावले, पुढच्या बाकावरच्या पांढऱ्या टोप्यांतल्या म्हाताऱ्या मागे वळून अर्नेस्टीनकडे बघून हसायला लागल्या, आणि पास्टरांनी लव्हेलला उभं राहायला सांगितलं.

खरी गोष्ट अशी होती की अर्नेस्टीनने कुठलंही दार उघडलेलं नव्हतं. महिन्यापूर्वी कॉरिनने फोनवर विचारलं होतं आणि ती ‘बघते’ म्हणाली होती. टॉलिव्हरांच्या घरात ‘बघते’चा अर्थ ‘नाही’ असाच होतो हे कॉरिनला जन्मापासून ठाऊक होतं.

लव्हेल उभा राहिला. चौतिशीचा, बापासारखा उंच, कोट मात्र मामाचा, खांद्यात सैल. टाळ्या वाजत असताना तो कुणाकडेच बघत नव्हता, फक्त मावशीकडे बघत होता. खरं का, एवढंच त्या डोळ्यांत होतं. त्यातली आशा अर्नेस्टीनला बघवेना. तिने मान खाली घातली आणि पुन्हा गोळी शोधायला लागली.

बाहेर पडताना दाराशी तिचा भाऊ लुशियस उभा होता. चर्चमध्ये येणाऱ्यांना जागा दाखवायचं काम गेली वीस वर्षं त्याच्याकडे होतं. पांढरे हातमोजे, एक हात पाठीमागे, कणा ताठ. प्रार्थना सुरू असताना तो कधी बसलेला कुणी पाहिला नव्हता. दोन वर्षांपासून तो बहिणीशी कामापुरतंच बोलत होता.

“छान केलंस हो,” तो म्हणाला. आवाजात मिरची होती.

कॉरिनला तिने गाडीजवळ गाठलं.

“देवाच्या घरात खोटं बोललीस?”

“खोटं कुठे? मी आगाऊ आभार मानले,” कॉरिन अगदी शांतपणे म्हणाली. “आईनं नव्हते मानले? बाबांना फाउंड्रीत घेतलंही नव्हतं, तेव्हा ती इथंच उभी राहून म्हणाली होती, देवा, माझ्या नवऱ्याला भट्टीवर काम दिलंस म्हणून तुझे आभार. त्याच आठवड्यात बोलावणं आलं.”

“आईनं देवाला गाठलं होतं, कॉरिन. तू मला गाठलंस.”

“मग तू जेवायला ये म्हणशील की नाही आता?”

जेवण अर्नेस्टीनच्याच घरी होतं. कोंबडी आदल्या रात्रीपासून ताकात भिजत होती, हिरव्या भाजीत धुरावलेली टर्की शिजत होती. रागारागाने का होईना, जेवायला घालणं भाग होतं.

टेबलाशी पाच जण बसले. लुशियस, कॉरिन, लव्हेल, अर्नेस्टीन, आणि नव्वदीच्या मदर ह्यूलेट. चर्चमधल्या त्या सगळ्यात वयस्क बाई, म्हणून सगळे त्यांना मदर म्हणायचे. अर्नेस्टीनच्या आईने, ब्यूलाबाईने, फाउंड्रीतल्या माणसांचे काजळी धरलेले कपडे धुवायला दोन टबांवर लॉन्ड्री काढली, तेव्हा दुसरा टब यांच्याकडे होता. फाउंड्री कधीच बंद पडली होती. या रस्त्यावरच्या निम्म्या घरांतले बाप तिथून निवृत्त झाले होते आणि निम्म्या घरांतल्या मुलांना जायला आता काहीच उरलं नव्हतं. लॉन्ड्री तेवढी टिकली होती, कारण हॉस्पिटलच्या चादरी मळायच्या थांबत नव्हत्या.

मदर ह्यूलेट यांनी मॅकरोनी-चीजचा मोठा डाव ताटात ओढला आणि विचारलं, “मग कुठल्या पाळीला लावलंस गं पोराला?”

“ठरायचंय, मदर.”

“सकाळच्या पाळीला लाव. रात्री पोरं घरी असलेली बरी.”

कॉरिनने लोण्याकडे हात नेला. लुशियस ताटाकडे बघत गालात हसत होता. लव्हेलने काटा खाली ठेवला.

“मदर, ठरायचं काही नाही,” तो म्हणाला. “मावशीनं मला काम दिलेलं नाही.”

“लव्हेल, जेव,” कॉरिन म्हणाली.

“जेवतोय, आई. पण मावशीच्या घरचं खाताना तिला तोंडघशी पाडून कसं चालेल? पुढच्या रविवारी मी उभा राहतो आणि सांगतो, माझाच घोळ झाला, मी काहीतरी चुकीचं ऐकलं आणि घरी सांगितलं. तुझं नाव येणार नाही, मावशीचंही नाही.” मग तो जरा थांबला. “तसाही मी थँक्सगिव्हिंगनंतर शिकागोला जायचं म्हणतोय. डॅरियस बोलावतोय. त्याच्याकडे काम आहे.”

डॅरियसकडे कुठलं काम असतं हे सांगायची गरज नव्हती. त्याच कामापायी लव्हेल चार वर्षं आत होता. शिवाय शिकागो पडलं दुसऱ्या राज्यात, आणि पॅरोलवरच्या माणसाला राज्याची हद्द ओलांडायचीच मनाई. म्हणजे गाडीत बसला की तिथेच गुन्हा. कॉरिनच्या हातातली सुरी लोण्यात रुतून राहिली. अर्नेस्टीनला एकदम कळलं की बहिणीला हे आधीपासून माहीत होतं. काल-परवाच कळलं असणार. म्हणून ती आज उभी राहिली होती, आणि म्हणून गुडघ्यांचा विषयही काढला नव्हता.

“असं कसं जाशील?” अर्नेस्टीन म्हणाली. “आठ महिने काढलेस की.”

“म्हणूनच, मावशी. आठ महिने आईच्या पैशानं केस कापतोय.” तो हसला. हसणं त्याच्या आजीचं होतं. “जागोजागी मुलाखत छान होते. हात मिळवतात, सोमवारी या म्हणतात. मग माझी जुनी भानगड तपासतात आणि सोमवार काही येत नाही.”

“सांग की मग त्याला,” लुशियस म्हणाला. ते बहिणीला उद्देशून होतं. “का देत नाहीस ते सांग. माझ्या डेस्मंडला सांगितलंस तसं.”

हे येणार हे अर्नेस्टीनला माहीत होतं. दोन वर्षं दर रविवारी ते टेबलावर बसायचं आणि न वाढताच उठायचं.

“लुशियस, तुझ्या डेस्मंडला मी कामावर घेतलं होतं.”

“घेतलंस. आणि काढलंस.”

“हॉस्पिटलच्या बाई म्हणाल्या, आमच्या माल उतरवायच्या धक्क्यावर तुरुंगातून आलेली माणसं नकोत. मी काय करायला हवं होतं? कंत्राट सोडायचं? चौदा बायका आहेत माझ्याकडे इस्त्रीच्या रोलरवर. त्यांची घरं कुणी चालवायची?”

“डेस्मंड जोवर कामावर होता तोवर रोज संध्याकाळी घरी जेवायला होता,” लुशियस म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “अंगाला साबणाचा वास यायचा त्याच्या. बायको म्हणायची, माझ्या पोराला असा वास पाच वर्षांत आला नव्हता. तू त्याला हिवाळ्यात घरी पाठवलंस आणि वसंतात तो परत आत गेला. मधल्या काळात त्यानं काय केलं त्याचा दोष मी तुला देत नाही. पण त्याच्या जागेवर तू कुणाला घेतलंस?”

अर्नेस्टीनने मीठदाणी उगाचच सरळ केली.

“केनीला घेतलंस. गाडीच्या किल्ल्या दिल्यास त्याला. आणि केनी एकदा नाही, दोनदा आत जाऊन आलाय.”

“केनीनं ते स्वतः सांगितलं मला. लपवलं नाही काही. माणूस सरळ आहे.”

“सरळ आहेच,” लव्हेल मध्येच म्हणाला. “मी ओळखतो त्याला. आत एकाच रांगेत जेवायचो आम्ही.”

“मग हॉस्पिटलच्या बाईंना केनी कसा चालतो?” लुशियसने विचारलं.

“त्यांनी केनीबद्दल कधी विचारलंच नाही.”

“का नाही विचारलं?”

टेबलाशी बसलेल्या पाचही जणांना उत्तर माहीत होतं. केनी गोरा होता, आणि डेस्मंड त्यांच्यासारखाच काळा. धक्क्यावरचा पहारेकरी त्याला ‘काय रे, थंडी पडली का’ असं विचारायचा. डेस्मंडला पहिल्याच दिवशी त्याने ओळखपत्र मागितलं, मग नाव, मग पूर्ण नाव. अर्नेस्टीनने हे सगळं पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणूनच पुढच्या वेळी माणूस निवडताना तिने केनीला निवडलं. हिशेब सोपा होता. ज्या हिशेबाने रसीनमधल्या प्रत्येक मालकाने लव्हेलला परत पाठवलं, तोच ब्यूला टॉलिव्हरच्या लेकीने ब्यूला टॉलिव्हरच्या लॉन्ड्रीत बसून केला होता. हे तिला आजवर असं उघडं दिसलं नव्हतं, आणि आता दिसलं तेव्हा तिने ताट बाजूला सारलं.

“केनी सुटला तेव्हा त्याला तीन ठिकाणी बोलावलं होतं,” लव्हेल म्हणाला. “परवा भेटला तेव्हा सांगत होता. तुझी जागा घराजवळ म्हणून तुझ्याकडे आला. त्या तिन्ही ठिकाणी मी जाऊन आलोय. राग नाही माझा त्याच्यावर, मावशी. तो स्वतःच म्हणतो, काम मिळालं नसतं तर मी तिसऱ्यांदा आत असतो. दोनदा गेला तेव्हा काम नव्हतंच त्याला.”

कॉरिनने लोण्यातली सुरी काढून पुसली.

“भाजी वाढा कुणीतरी,” मदर ह्यूलेट म्हणाल्या. “बोलून पोट भरलं असेल तुमचं. माझं नाही भरलं.”

अर्नेस्टीन भाजी वाढून उठली आणि पाई आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली. रताळ्याची पाई ओट्यावर समोरच होती, तरी ती कपाटं उघडत राहिली. लव्हेल रिकामी ताटं घेऊन मागे आला. त्याने न विचारता नळ सोडला.

“राहू दे. मी करीन.”

“तू शिजवलंस ना. मी धुतो.”

ताटं धुऊन झाल्यावर त्याने पुसायचा कपडा झटकला, दोन्ही कडा आत घेतल्या, तीन पदर केले आणि हाताने वरून एकदा सपाट केला. ब्यूलाबाईची घडी होती ती. अर्नेस्टीनच्या कामवाल्या बायकांना ती शिकवावी लागायची. लव्हेल लहानपणी लॉन्ड्रीच्या टेबलाखाली खेळायचा तेव्हा बघून शिकला होता.

“विसरला नाहीस,” ती म्हणाली.

“विसरायला वेळ कुठे मिळाला? आत चार वर्षं चादरीच धुतल्या मी. सरकारी दवाखान्यांच्या. ट्रक भरभरून यायच्या.” तो कपडा दांडीवर टाकत म्हणाला, “तेव्हा कुणाला माझ्या हाताची अडचण नव्हती.”

तो तक्रार करत नव्हता. त्याला ते खरोखरच थोडं गमतीचं वाटत होतं. अर्नेस्टीनला मात्र रडू आलं. ती क्वचितच रडायची, त्यामुळे तिला ते नीट जमतही नव्हतं. लव्हेलने घडी केलेला कपडा पुन्हा उचलून तिला दिला.

“माझं चुकलं का काही?”

“तुझं नाही,” ती म्हणाली. “उद्या पाचला धक्क्यावर ये. आपल्या धक्क्यावर. केनीबरोबर गाडीत जायचंय. मी पण येते.”

“मावशी, आईनं तुला अडकवलं म्हणून…”

“तुझ्या आईचा समाचार मी नंतर घेते. तू ती पाई उचल आणि बाहेर ने. मदर वाट बघतायत.”

सोमवारी सरोवरावरून बोचरं वारं येत होतं. गाडीत तिघं पुढे बसले होते, लव्हेल मध्ये, गुडघे हनुवटीशी. हॉस्पिटलच्या फाटकाआधी अर्नेस्टीनने गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

“केनी, आत गेल्यावर ते लव्हेलबद्दल विचारणार. मला कदाचित तुझं नाव घ्यावं लागेल. तू कुठून आलास ते सांगावं लागेल. तुझी नोकरीही जाऊ शकते. नको म्हणालास तर नाही घेणार, मी दुसरं काहीतरी सांगेन.”

केनीने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. टक्कल पडलेला, पन्नाशीचा माणूस. तो काही लगेच हो म्हणाला नाही.

“माझी पोरगी आता कुठे माझ्याकडे राहायला लागलीय, मिस टॉलिव्हर,” तो म्हणाला. त्याने बाहीने काचेवरची वाफ पुसली. मग तो म्हणाला, “आत असताना मला न्यूमोनिया झाला होता. माझ्या वाट्याच्या चादरी यानं धुतल्या दोन आठवडे, कुणाला कळू न देता. घ्या नाव.”

“विसरलो होतो मी ते,” लव्हेल म्हणाला.

“मी नव्हतो विसरलो.”

पहारेकऱ्याने केनीला हात केला, लव्हेलला थांबवलं. ओळखपत्र, नाव, पूर्ण नाव. मग फोन, आणि फोननंतर हॉस्पिटलच्या त्या बाई खाली आल्या, कोट खांद्यावर टाकून.

“अर्नेस्टीन, आपलं बोलणं झालं होतं ना याबाबतीत?”

“झालं होतं. हा माझ्या बहिणीचा मुलगा. चार वर्षं तुरुंगात होता, आता सुटलाय. आणि हा केनी. हा दोनदा होता. दीड वर्ष तुमच्या धक्क्यावर येतोय. एखादा टॉवेल तरी कमी पडला का तुम्हाला?”

बाईंनी केनीकडे पाहिलं, जणू आत्ताच गाडीतून उतरला होता. केनीने टोपी काढली.

“तुमचा नियम असेल तर तो दोघांनाही लावा,” अर्नेस्टीन म्हणाली. “मी दोघांना घेऊन परत जाते, चादरी गाडीत आहेतच. नियम एकालाच लावायचा असेल, तर मला तो माझ्या तोंडावर समजावून सांगा. मला तो गेल्या वेळी कळला होता, पण मी कळल्याचं दाखवलं नाही.”

बाईंचा चेहरा लाल झाला. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी एकदा गाडीतल्या गाठोड्यांकडे पाहिलं, एकदा लव्हेलकडे, आणि बराच वेळ कुठेच नाही.

“वरती बोलावं लागेल मला,” शेवटी त्या म्हणाल्या. “तोवर उतरवा माल. दोघंही.”

लव्हेलने पहिली ट्रॉली ओढली. वरती काय बोलणं झालं ते अर्नेस्टीनला कधीच कळलं नाही. बुधवारी पहारेकऱ्याने लव्हेलला ओळखपत्र मागितलं नाही, आणि शुक्रवारी विचारलं, काय रे, थंडी पडली का. लव्हेलने हे घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा कॉरिन खुर्चीत बसून इतकी हसली की शेवटी तिला पाणी द्यावं लागलं. डॅरियसचा फोन आला तेव्हा लव्हेल झोपला होता, पहाटे पाचला कामावर हजर व्हायचं म्हणून. कॉरिनने तो घेतला आणि त्याला पुन्हा फोन करायची गरज पडणार नाही अशा भाषेत उत्तर दिलं.

रविवारी साक्षीची वेळ झाली. कॉरिन उठायला लागली तेवढ्यात कुणीतरी दंडाला धरून तिला खाली बसवलं. अर्नेस्टीन टॉलिव्हर उभी राहिली होती.

ऑर्गनवाल्याचे हात थबकले. पास्टरांनी चष्मा सारखा केला. पुढच्या बाकावर मदर ह्यूलेट शेजारणीला म्हणाल्या, “आता मी मेले तरी चालेल,” आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“मला फार बोलता येत नाही,” अर्नेस्टीन म्हणाली. “गेल्या रविवारी माझ्या बहिणीनं इथं जे सांगितलं, ते त्या दिवशी खरं नव्हतं. आता आहे. तिनं आभार आधी मानले आणि मला मागून धावावं लागलं.”

लोक हसले. लव्हेल तिसऱ्या बाकावर मान खाली घालून हसत होता. कोट या वेळीही त्याचा स्वतःचा नव्हता, पण निदान अंगाला बसत होता.

“मला त्याच्याबद्दल आभार मानायचेत. आठवडाभर त्याच्या हाताखालून आलेल्या घड्या बघते आणि मला आईची आठवण येते. कॉरिनबद्दल मानायचेत, जरी तिचा समाचार अजून घ्यायचाय. केनीबद्दल मानायचेत, तो इथं नाही, पण देवाला तो कोण ते ठाऊक आहे.” तिने समोरच्या बाकाची पाठ घट्ट धरली. “आणि एक आगाऊ. एप्रिलमध्ये माझ्या भावाचा डेस्मंड घरी येतोय. देवा, त्याला त्याच्या आजीच्या लॉन्ड्रीत काम दिलंस म्हणून मी तुझे आभार मानते. त्याची जागा राखून ठेवलीय मी. या वेळी त्याला कुणी उठवणार नाही.”

सगळे मागे वळले, दाराकडे.

लुशियस तिथे उभा होता, एक हात पाठीमागे, कणा ताठ. त्याने उजव्या हातातला पांढरा मोजा काढला, मग डावा काढला. दोन्ही कोटाच्या खिशात घातले आणि शेवटच्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला, हळूच बसला. उघडे हात तोंडावर धरून तो तसाच बसून राहिला. त्या दिवशी उशिरा आलेल्यांना आपापली जागा आपणच शोधावी लागली.